नदीसाठी घेतलेला चष्मा

विहीणबाई, तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. मृणाल तुमचं सगळं करून परवा पुण्याहून परत आली. आपल्या नातीची, सईची शाळा होती म्हणून मी आणि माझा संतोष इथेच जपानात, हिगाशी-कसाईच्या घरात थांबलो. तिकडे तुमच्या फोटोपुढे लोक चांगलं बोलले म्हणे. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात, त्यात विशेष काही नाही. मी तिथे नव्हते ते बरं झालं. मला बोलायला सांगितलं असतं तर मी चष्म्याबद्दल बोलले असते, आणि लोकांना वाटलं असतं, म्हातारीचं डोकं फिरलं.

म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहायला वेळ लागतो. पण सई शाळेत आणि दोघं ऑफिसात गेली की मला वेळच आहे.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या मुलीने नोकरी बदलली आणि आपल्याला दोघींना एकदम बोलावून घेतलं. नव्वद दिवसांचा व्हिसा, दोन खोल्यांचं घर आणि दोन विहिणी. रेवदंड्याला माझ्या शेजारणी म्हणाल्या होत्या, हिरा, महिन्याभरात परत येशील. तुमच्या पेठेतही कोणी असंच म्हणालं असणार. तुमचं तीस वर्षं चष्म्याचं दुकान आणि माझी चाळीस वर्षं बाजारात मासळीची पाटी. मी मासे तळायला घेतले की तुम्ही गॅलरीत जाऊन काचेचं दार लावून बसायचात, अंगावर शाल घेऊन. पहिल्याच आठवड्यात मी तुमच्यावर नजर ठेवून होते. पुष्कळ माणसं तोंडाने काही म्हणत नाहीत पण तोंड वाकडं करतात. तुम्ही तेही केलं नाहीत. मनात म्हटलं, हिच्याशी जमेल.

मासेमारीचं खूळ सईचं. आपल्या घरापासून नदी दहा मिनिटांवर. सप्टेंबरात काठच्या उथळ पाण्यात ते हाझे येतात, बोटाएवढे, मातकट, आपल्याकडच्या निवटीसारखं मोठं तोंड. इथले म्हातारे आखूड काठी घेऊन पायऱ्यांवर बसतात, मासा डोळ्यांनी शोधतात आणि बरोबर त्याच्या तोंडापुढे गळ सोडतात. सईला तसंच करायचं होतं. मी म्हटलं, चल, मासळी काय असते ते मी शिकवते. लहानपणी मी चिखलात हात घालून निवट्या काढलेल्या.

पहिले दोन दिवस आम्हाला काही मिळालं नाही. मला पाण्यात मासाच दिसेना. सगळं पाणी घासलेल्या ताटासारखं चमकत होतं. सई डोळ्यांवर हात धरून "माबुशी, माबुशी" करायची, म्हणजे डोळे दिपतात. तेव्हा मला वाटलं, सगळ्यांचंच असं होत असणार.

तिसऱ्या दिवशी तुम्ही छत्री घेऊन आलात आणि मागे उभ्या राहून बघायला लागलात. मग म्हणालात, "हिराबाई, तुम्ही मासा बघत नाही आहात, उजेड बघताय."

"चाळीस वर्षं मासेच बघितलेत."

"ते पाटीतले. मेलेले."

हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच स्टेशनजवळच्या स्वस्त दुकानात गेले आणि तिथला सगळ्यात काळा गॉगल घेऊन आले. काळी छत्री ऊन जास्त अडवते, तसंच हे, असा माझा हिशोब. तुम्ही तो हातात घेतलात, ओट्यावर खिडकीचा उजेड पडला होता तिकडे धरून बघितलात, आडवा धरलात, उभा धरलात.

"ही नुसती काळी काच आहे. पोलराइज्ड नाही."

"म्हणजे काय?"

"पाण्यावरून जो उजेड आडवा येऊन डोळ्यांत घुसतो, तो अडवणारी काच वेगळी असते. काळेपणाशी तिचा संबंध नाही. ती असती तर फिरवल्यावर ओट्यावरची चमक गेली असती. ही जात नाहीये. उलट हिने नुकसान होतं. काळोख केला की डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि वाईट ऊन आत जास्त जातं. याच्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी जा."

आणि तुम्ही तो गॉगल कचऱ्यात टाकलात. तोही सईला विचारून, की हा कुठल्या दिवशीच्या कचऱ्यात जातो. मला राग आला होता, पण तुमचं ते विचारणं बघून हसू आलं.

मग आपण तिघी त्या गळ-काठीच्या दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार, मधे बोलायला सई. एवढी वर्षं मी माणसांना मासळी निवडताना बघितलं. कोण कल्ला उघडून बघतं, कोण नुसतं बोट दाबतं. पण चष्मा असा निवडतात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही एक एक चष्मा हात लांब करून धरायचात आणि त्यातून दाराच्या चौकटीची सरळ कड बघत तो हळूहळू हलवायचात. कड वाकडी झाली की चष्मा बाजूला. "थोडा वेळ कळत नाही, दोन तासांनी डोकं दुखतं," म्हणालात. मग दोन चष्मे एकावर एक धरून एक आडवा फिरवलात. काचा काळ्याकुट्ट झाल्या. "हे दोन खरे." तिसरा घेतलात, तो काही काळा झाला नाही. दुकानदाराने तो तुमच्या हातातून काढून घेतला आणि मान लववून काहीतरी बोलला. सई म्हणाली, "ते म्हणतात, सॉरी, तो चुकून या रांगेत आला." त्यानंतर त्याने आतून दुसरा खोका आणला. दुकानदार दुकानदाराला ओळखतो.

मला बसवून तुम्ही माझ्या डोळ्यांवर अकरा चष्मे चढवलेत. "हसा." मी का हसू म्हटलं, तर म्हणालात, "हसल्यावर गालाने चष्मा वर उचलला जात असेल तर तो तुमचा नाही." बाजूने ऊन येतं का बघायला मला दाराकडे पाठ करून उभं केलंत. मागून आलेलं ऊन काचेच्या आतल्या बाजूला पडतं आणि आपलाच डोळा आपल्याला दिसतो, मग पाणी काय दिसणार. म्हणून कानाकडे रुंद दांडी हवी. नाकाला टोचायला नको. वाकल्यावर पडायला नको, पडला तर गळ्यात अडकायला दोरी हवी.

रंगावरून आपलं वाजलं. भिंतीवर होडीतल्या एका माणसाचं चित्र होतं, त्याचा चष्मा राखाडी. मी म्हटलं, तोच द्या, तो मासे धरणारा दिसतो. तुम्ही म्हणालात, "तो भर समुद्रात आहे. तिथे राखाडी बरोबर, रंग आहेत तसे दिसतात. आपलं पाणी गुडघाभर, खाली हिरवं शेवाळ, त्यात मातकट मासा. इथे तपकिरी काच पाहिजे. मासा आणि दगड वेगळे दिसतात." मी म्हटलं, मासळीचा रंग खरा दिसला नाही तर काय उपयोग. तुम्ही म्हणालात, विकायचा आहे का तुम्हाला तो. शेवटी माझ्यासाठी तपकिरी घेतलात आणि स्वतःसाठी राखाडी, तुमच्या नंबरच्या चष्म्यावरून बसणारा. मी तुमचा एकदा घालून बघितला. मला अजूनही राखाडीच बरा वाटतो. हे भांडण तसंच राहिलं, राहू दे.

त्या दुकानात आणखी एक झालं, ते आतापर्यंत तुम्हाला आणि मलाच माहीत होतं. चष्मा बसवताना तुम्ही म्हणालात, "उजवा डोळा झाका. समोर भिंतीवरच्या पाटीवर किती मासे रंगवलेत?" मी म्हटलं, पाच. बाहेर आल्यावर सई कोंबिनीत, त्या कोपऱ्यावरच्या दुकानात, खाऊ घ्यायला गेली, तेव्हा म्हणालात, "मी त्या पाटीपुढे टोप्यांचा स्टँड सरकवला होता. पाटी दिसतच नव्हती. तुम्ही मघाशी दोन्ही डोळ्यांनी मोजून ठेवले होतेत."

मी गळ्यातली चष्म्याची दोरी नीट केली.

"डावा कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मोतीबिंदू असेल. पण डॉक्टरने बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. आज घेतला त्या चष्म्याने चमक जाईल. डोळा परत येणार नाही. तो गैरसमज नको."

गिऱ्हाईक हातचं गेलं तरी चालेल, पण खोटं सांगायचं नाही, असं तुमचं दुकान चाललं असणार. मी तुम्हाला म्हटलं, घरात सांगू नका. संतोष लहानपणापासून भित्रा. आईला एका डोळ्याने दिसत नाही म्हटल्यावर त्याने सईचा हात माझ्या हातात दिला नसता. मग नव्वद दिवस मी इथे काय करायचं, बॅगेसारखं कोपऱ्यात बसायचं? तुम्हाला म्हटलं, सईची शपथ घ्या.

"पोरीची शपथ मी घेत नाही. सांगणार नाही म्हटलं की झालं. पण तुम्ही आपणहून सांगा. लवकर."

"सांगीन."

मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा घालून मी पायऱ्यांवर उभी राहिले. पाण्यावरचा उजेड कोणीतरी चादर ओढावी तसा गेला. खाली दगड, दगडांवर हाझे, प्रत्येकाची सावली त्याच्या पोटाखाली. आणि पाण्याखालची तिसरी पायरी. तिची कड तुटलेली होती आणि पुढे एकदम खोल होतं. त्याच पायरीवर तीन दिवस मी सईला "पाय ठेव, घट्ट आहे" म्हणत होते. तुम्हीही ते बघितलंत. सईला एक पायरी वर घेतलं, तिने पहिला हाझे काढला आणि सगळा काठ डोक्यावर घेतला.

तेव्हापासून तुम्ही रोज यायला लागलात. मृणालला सांगायचात, "मला खायचे नाहीत, नुसते बघायचेत." मी तुमची थट्टा केली. बघून पोट भरतं का, म्हटलं. पण तुम्ही मासे बघायला येत नव्हतात, हे मला दोनच दिवसांत कळलं होतं. वासाने तुमच्या नाकाला रुमाल असायचा. तुम्ही कायम माझ्या डाव्या हाताला उभ्या राहायचात आणि बघायचात सईच्या पायांकडे. कळून मी न कळल्यासारखं केलं. कबूल केलं असतं तर आभार मानावे लागले असते.

मी पदराने काच पुसायला गेले की तुम्ही माझं मनगट धरायचात. "मीठ असतं त्यावर, वाळू असते. आधी पाण्याखाली धरा." तुमचा हात बारीक होता, पण पकड चांगली होती.

पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, आपण परत दोघी आलो. माझा डोळा जास्त बिघडला होता. तुम्ही आल्या दिवशी विचारलंत, "सांगितलं?" मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही बॅग उघडायला घेतलीत.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी संतोष ऑफिसातून आला आणि दारात बूट काढता काढता म्हणाला, "आई, उद्यापासून सईला तुम्ही दोघी नदीवर नेऊ नका. रविवारी आम्ही नेऊ." बस, एवढंच. मी का म्हणून विचारलं नाही. मला कारण माहीत होतं, असं मला वाटलं.

तुम्ही ओट्याशी कोथिंबीर निवडत होतात. मी तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सांगितलंत ना शेवटी."

"काय?"

"समोर गोड आणि मागे चुगली. दुकानात गिऱ्हाइकाचंही असंच करत असाल. एकाचा डोळा दुसऱ्याला."

तुम्ही "मी..." म्हणालात. तोंड अर्धं उघडं होतं. मग ते मिटलंत आणि परत कोथिंबीर निवडायला लागलात. मी त्याचा अर्थ असा घेतला, की बोलायला जागाच नाही.

त्यानंतर बावीस दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. दोन खोल्यांत हे सोपं नाही. मी सईला म्हणायची, "त्या आजीला सांग, चहा झालाय." सई वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, "जिबुन दे इत्ते." म्हणजे, तुम्हीच सांगा ना. आठ वर्षांच्या पोरीला दोन्ही आज्यांपेक्षा अक्कल जास्त होती. तुम्ही आपण होऊन येऊन चहा घ्यायचात आणि कप विसळून ठेवायचात.

तुमचे नव्वद दिवस भरले, तुम्ही पुण्याला परत गेलात. नंतर वर्षभरात दिवाळीला एकदा फोन कोणीतरी माझ्या हातात दिला. तुम्ही विचारलंत, बऱ्या आहात ना. मी म्हटलं, बरी आहे. आणि फोन परत दिला.

यंदा मी एकटी आले. तुमची तब्येत बरी नाही, पुढच्या वेळी येईन म्हणालात, असं मृणाल म्हणाली. तीन आठवड्यांत ती बातमी आली. मी सईचा डबा भरत होते. भरून झाला, मग बसले.

गेल्या आठवड्यात सईला आणताना रस्ता ओलांडत होते. डावीकडून सायकल आली, मला दिसली नाही. सईने मला मागे ओढलं. दहा वर्षांची झाली नाही अजून, आणि तिला मला ओढावं लागलं. त्याच दिवशी ठरवलं, मृणाल आली की हे संपवायचं.

परवा ती बॅग रिकामी करत होती. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही, नुसती घड्या घालत होती. मी म्हटलं, "तुझ्या आईने माझ्या डोळ्याचं तुम्हाला सांगितलं होतं, त्याचं आता काय ते करून टाकू."

"कोणत्या डोळ्याचं, अहो आई?"

मला वाटलं, ती दमली आहे. परत सांगितलं. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

"मग गेल्या वर्षी नदी का बंद केलीत?"

"शाळेतून कागद आला होता. मुलांनी पाण्याजवळ जायचं तर आईवडिलांबरोबरच. फ्रिजवर लावला होता की दोन महिने. संतोषने सांगितलं नाही तुम्हाला?"

फ्रिजवर. मॅग्नेट लावून. रोज दहा वेळा मी तो फ्रिज उघडत होते. कागदावर जपानी अक्षरं आणि खाली एका बदकाचं चित्र. मला वाटायचं, जेवणाचा तक्ता आहे.

मग मृणालला सगळं सांगावं लागलं. दुकान, पाटी, तुमचा शब्द, पायरी. ती आधी तुमच्यावर चिडली. "आईला माहीत होतं आणि तिने सईला पाण्यात जाऊ दिलं?"

मी म्हटलं, "जाऊ दिलं नाही. रोज बरोबर होती. नाकाला रुमाल लावून उभी असायची."

"आईला मासळीच्या वासाने उलटी व्हायची."

"माहीत आहे."

तेव्हा ती रडली, पुण्याहून आल्यावर पहिल्यांदा. मला जवळ घेणं वगैरे जमत नाही. मी पाण्याचा पेला आणून तिच्याजवळ ठेवला आणि बसून राहिले. पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "मग शेवटी तुम्ही दोघी बोलत का नव्हतात? आईला विचारलं तर ती म्हणायची, काही नाही गं, हवेचं आहे."

सांगणं भाग होतं. तुम्हाला मी काय काय बोलले ते जसंच्या तसं सांगितलं, चुगलीपासून दुकानापर्यंत. ती ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, "आणि तिने सांगितलं नाही, की मी कोणाला बोलले नाही म्हणून?"

"नाही."

"का?"

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, ती रजा घेणार, एवढं ठरवून ती उठली. संतोषला तिनेच सांगितलं. आज सकाळी रस्ता ओलांडताना तो माझ्या डाव्या बाजूला आला.

मृणालच्या त्या 'का?'चं उत्तर मला आज भांडी घासताना मिळालं, तेव्हा सगळं टाकून लिहायला बसले. तुम्ही त्या दिवशी म्हणाला असतात, मी नाही सांगितलं, तर माझा विश्वास बसला नसता. मी म्हटलं असतं, चला, माझ्यासमोर संतोषला विचारा. संतोषने विचारलं असतं, कशाबद्दल? आणि तिथे माझा डोळा बाहेर पडला असता. तोंड अर्धं उघडं असतानाच हे सगळं तुम्हाला दिसलं. म्हणून तुम्ही ते मिटलंत आणि चुगलखोर म्हणवून घेतलंत, माझ्याकडून, बावीस दिवस, त्याच घरात माझ्या हातचा चहा पीत. नंतर वर्षभर तशाच राहिलात. आणि तशाच गेलात.

मी चुकले. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं.

आणखी एक खरं सांगते. तुमच्या जागी मी असते आणि माझ्यावर असा आळ आला असता, तर मी तिथल्या तिथे संतोषला हाक मारली असती. तुमचा डोळा सांभाळत बसले नसते. तुम्हाला हे माहीत होतं, आणि तरीही तुम्ही माझा सांभाळलात.